मॅन पेज एक सांगते, कमांड भलतंच करते, तेव्हा काय पाहायचं

परसोडीच्या आयटी पार्कात नवीन लागलेले पोट्टे हमखास विचारतात, भाऊ, एकोच्या (पडद्यावर मजकूर छापणारी कमांड) मॅन पेजमध्ये, म्हणजे मशीनवरच्याच माहितीपानात, मायनस ई (-e) ऑप्शन आहे, मग उबुंटू लिनक्सवर स्क्रिप्ट चालवली की तो मायनस ई जसाच्या तसा छापून काहून येते? तर मॅन पेज खोटं नाही, ते दुसऱ्याच एकोचं आहे, कोअरयूटिल्स नावाच्या कमांडसंचातल्या, अन् तुमची स्क्रिप्ट चालवते शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आतला एको. उबुंटूनं 2006 मध्ये, 6.10 पासून, एसएच (sh, स्क्रिप्टसाठीचा ठरलेला शेल) म्हणून बॅश नावाचा शेल काढून डॅश नावाचा ठेवला, अन् डॅशचा एको मायनस ई ओळखतच नाही. म्हणून आधी स्क्रिप्टची पहिली ओळ पाहा कोणता शेल आहे ते, मग बॅशमध्ये टाईप मायनस ए एको (type -a echo) मारा, एकाच नावाचे किती जण बसलेत ते दिसते (एलियास, म्हणजे कमांडला दिलेली टोपणनावंही निघतात, ते तर अजूनच भारी). एकोचा नाद सोडून प्रिंटएफ (printf, छापायचीच दुसरी कमांड) वापरा, माझं तर हेच मत आहे.

दुसरी भानगड सेडची (sed, फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड). लिनक्सवर मायनस आय (-i, फाइल जागच्या जागी बदलायचा ऑप्शन) एकटा चालते, मॅकवर त्याला बॅकअपचं एक्स्टेंशन लागतेच, नाही दिलं तर तुमची पूर्ण कमांडच एक्स्टेंशन समजून घेते अन् फाइलचं नाव कमांड म्हणून वाचायला जाते. मायनस आयला चिकटून, मधात स्पेस न देता, डॉट बॅक (-i.bak) लिहा, दोन्हीकडे चालते.

अन् डॉक्युमेंटेशन वाचायचं ते त्याच मशीनवरचं, गूगलवर पहिलं दिसलेलं नाही. शंका असली तर रिकाम्या फोल्डरमध्ये डमी फाइलवर चालवून पाहा, प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू कामाच्या मशीनवर, नाही रे बाबा.