आळीची गानपरंपरा कशी उभी करावी : लिंड्सबोर्गचा दाखला, नाशिकची आळी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात, लिंड्सबोर्ग नावाचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे. स्वीडनमधून आलेल्या लोकांनी पाद्री ओलोफ ओल्सन यांच्या नेतृत्वाखाली १८६९ मध्ये ते वसवले. पुढे पाद्री कार्ल स्वेन्सन आणि त्यांच्या पत्नी आल्मा यांच्या पुढाकाराने १८८२ च्या वसंतात संगीतकार हँडेलचा ‘मसाया’ हा दीर्घ धार्मिक गानप्रबंध तेथे सादर झाला. ईस्टरच्या सप्ताहात तो गाण्याची प्रथा आजही चालू आहे. त्या गायकवृंदात पहिल्यापासून शेतकरी आणि सामान्य गावकरी होते, आणि माझ्या मते ही परंपरा टिकण्याचे खरे कारण हेच आहे : तेथे गावाने गाणे नुसते ऐकले नाही, स्वतः गायले. पंचवटीत किंवा जुन्या नाशकातील एखाद्या आळीत असे काही सुरू करायचे असेल, तर कामाची आखणी पुढीलप्रमाणे करावी.

सर्वप्रथम तिथी ठरवावी, आणि ती कोणाच्याही सोयीसाठी बदलू नये. नाशिकला हे नवीन नाही. येथील रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जुने हौद, वर्षभर फळ्यांखाली आणि मातीखाली बुजलेल्या असतात आणि रंगपंचमीलाच उघडतात. त्यासाठी कोणाला आमंत्रण द्यावे लागत नाही. गाण्यासाठी काळाराम मंदिरातील वासंतिक (चैत्रातील) नवरात्राचा काळ उत्तम, कारण तेव्हा कीर्तन-भजनाचे वातावरण असतेच. मात्र रामनवमी आणि कामदा एकादशीचा रथोत्सव या दोन दिवशी सगळी पंचवटी गुंतलेली असते, म्हणून ते दोन दिवस सोडून नवरात्रातली एखादी संध्याकाळ घ्यावी.

त्यानंतर रचना निवडावी. दरवर्षी नवा कार्यक्रम करण्याचा मोह टाळावा. पाच-सहा अभंग आणि एखादे भारूड यांची एकच मालिका ठरवून तीच दरवर्षी गावी. लिंड्सबोर्गमध्ये आजोबांनी गायलेलेच नातू गातो, आणि त्यामुळे नव्या माणसाला शिकवायला घरातच कोणीतरी असते. चाली निवडताना आळीतील वृद्ध भजनकरी आणि ओव्या म्हणणाऱ्या आजी यांच्याकडे आधी जावे, त्यांच्या आवाजात त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मग कोणा जाणकाराकडून स्वरलिपीत उतरवून घ्याव्यात. स्वरलेखनाची स्वतःची पद्धत रूढ करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकलाच राहिले होते. त्यांच्या गावात चाली नुसत्या आठवणीवर सोडणे बरे नव्हे.

सर्वांत अवघड भाग पट्टीचा, म्हणजे कोणत्या उंचीच्या स्वरातून गायचे याचा, असतो, आणि बहुतेक हौशी वृंद येथेच अडखळतात. पुरुष आणि स्त्रिया यांच्या सोयीच्या पट्ट्यांत साधारणपणे चार-पाच स्वरांचे अंतर असते. एकच पट्टी लादली तर पुरुषांना तारसप्तकात ओरडावे लागते किंवा स्त्रियांचा आवाज खर्जात बुडतो. म्हणून ज्यांची धाव एका सप्तकाच्या आत आहे अशा चाली निवडाव्यात, पेटीवर दोन्ही गटांना सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर लावायला सांगून मधला षड्ज (गाण्याचा आधार असलेला ‘सा’) ठरवावा, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ज्या अभंगात हे जमत नाही तेथे कडवी वाटून घ्यावीत : स्त्रियांची कडवी त्यांच्या पट्टीत, पुरुषांची त्यांच्या पट्टीत, आणि मध्ये पेटीवाल्याला षड्ज बदलण्यापुरता पखवाजाचा एक तुकडा.

तालमी दिवाळीनंतर सुरू कराव्यात. आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा पुरेशी आहे. निवड चाचणी घेऊ नये. सूर कच्चा असणाऱ्याला पक्क्या गाणाऱ्याच्या शेजारी बसवावे, काही महिन्यांत कान तयार होतो. जागा शक्यतो वाड्याचा चौक असावा, कारण चारही बाजूंच्या भिंतींमुळे आवाज आपोआप भरतो आणि ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही. तो लावायचाच असेल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी आणि रात्री दहापूर्वी कार्यक्रम संपवावा.

लिंड्सबोर्गने १८९९ पासून ईस्टरच्या या सप्ताहाला चित्रप्रदर्शनाची जोड दिली. १८९४ मध्ये स्वीडनहून आलेले चित्रकार बिर्गर सांडसेन त्यामागे होते. ते तेथील बेथनी महाविद्यालयात अनेक दशके शिकवत राहिले आणि त्यांच्या नावाचे कलादालन १९५७ मध्ये उघडले. आपल्याकडे वाड्याच्या ओसरीवर तांबट आळीतील घडणीची भांडी, घराघरांतील जुनी छायाचित्रे आणि गोदाघाटाची मुलांनी काढलेली चित्रे मांडता येतील. प्रत्येक वस्तूजवळ ती कोणाच्या घरची, कधीची आणि कशासाठी वापरत असत, एवढे ठळक अक्षरांत लिहावे. मौल्यवान वस्तू रात्री तेथे ठेवू नयेत, हे ओघाने आलेच.

खर्च आळीतल्या वर्गणीतून भागवावा. एकाच मोठ्या देणगीदारावर सारे अवलंबून ठेवले, तर त्याने हात आखडताच परंपरा खुंटते.

कार्यक्रम झाल्यावर आठवड्याभरातच बैठक घ्यावी, पुढच्या वर्षीची तारीख पंचांगातून काढून जाहीर करावी, आणि गाणाऱ्यांची नावे, पदांचे शब्द, स्वरलिपी, षड्ज व हिशेब असलेल्या वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक आळीत राहील. दुसरी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाने स्वीकारावी, अशी विनंती करावी.