आत्याच्या गुडघ्याच्या चालीनं: ठाण्याहून थंडीतले तीन दिवस

जीएसटीची कामं करणाऱ्या माणसाचा महिना ११ आणि २० या रिटर्न भरायच्या दोन तारखांना टांगलेला असतो. जानेवारीतली २० मागे पडली की मी नौपाड्यातलं माझं दीड खणाचं ऑफिस बंद करते आणि आत्याला घेऊन चित्रं बघायला आणि खायला निघते. आत्या ७३ वर्षांची. उजवा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र दोन्ही अर्थांनी शाबूत आहे. फोर्टात एका कंपनीत ती ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. त्या ३१ वर्षांत काळा घोडा चौकाजवळच्या म्युझियमवरून हजार वेळा गेली असेल, आत एकदाही गेली नाही. "जेवायच्या सुट्टीत जेवायचं असतं," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

पहिल्या वर्षी मी एकाच दिवसात म्युझियम, जहांगीर आर्ट गॅलरी, मॉडर्न आर्टची गॅलरी आणि वर कुलाब्याची खरेदी असा बेत आखला होता. संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटीवर जी गर्दी अंगावर आली, त्यात आत्या घाटकोपरपर्यंत उभी. घरी आल्यावर मी विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "बसायला मिळालं ते." त्या दिवसापासून सगळा हिशोब बसण्यावरून मांडते. दिवसाला एकच मोठी जागा, एकच मोठं जेवण, आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस ठाण्यातच.

आधी वार ठरवा, तारीख मागून. सोमवारी मॉडर्न आर्टची गॅलरी बंद असते, बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असतं आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. सलग तीन दिवस उरतात ते गुरुवार, शुक्रवार, शनिवार. काळा घोड्याजवळचं मोठं म्युझियम तसं रोज उघडं असतं, पण २६ जानेवारीला बंद, म्हणून तो दिवस टाळा. जानेवारीच्या शेवटी काळा घोडा महोत्सव सुरू होतो, तो नऊ दिवस चालतो. त्याला जायचं तर वेगळं जा. तिथे माणसं बघायला मिळतात, चित्रं माणसांच्या खांद्यावरून.

वारांचा दुसरा हिशोब पोटाचा. आत्या शनिवार पाळते, गुरुवार पाळत नाही. तुमच्या घरी उलटं असेल तर माझा क्रम उलटा करून घ्या.

राहायचं कुठे, हा प्रश्न ठाणेकराला पडू नये. एका वर्षी हौसेनं फोर्टातल्या एका लॉजवर राहिलो. गरम पाणी सकाळी सहा ते सात, असा कागद बाथरूमच्या दाराला आतून चिकटवला होता. आम्ही तो वाचला साडेसातला. तेव्हापासून झोपायला घरी.

आता गुरुवार. म्युझियम सव्वादहाला उघडतं, पण तेव्हा पोचू नका. डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलींचे महिने. सकाळी गेटसमोर पिवळ्या बस लागलेल्या असतात आणि आत चारशे मुलं "मॅडम, ममी कुठंय" म्हणत पळत असतात. दुपारी दीडच्या सुमाराला ती पांगतात. म्हणून आम्ही आधी जेवतो.

साडेदहाच्या सुमाराला ठाण्यातूनच सुटणारी धीमी गाडी पकडा. फास्टनं वाचतील पंधरा मिनिटं, पण मुलुंड काय आणि मस्जिद काय, खिडकीत बसून गेलं तर सहल ठाण्यापासूनच सुरू होते. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, ३४ किलोमीटर, चारशे पाहुणे घेऊन. "सगळे बसून आले असतील," हे आत्या दर वर्षी कुर्ल्याला म्हणते.

सीएसएमटीला उतरून टॅक्सीनं बॅलार्ड इस्टेट. तिथे ब्रिटानिया, १९२३ सालचं इराणी-पारशी हॉटेल, दुपारच्या जेवणासाठी प्रसिद्ध. बाराच्या आसपास पोचा, एकनंतर रांगेत उभं राहावं लागतं आणि आपला नियम बसण्याचा आहे. मागवायचा बेरी पुलाव, मटणाचा. भातावर तळलेला कांदा, काजू आणि झेरेश्क नावाची बारीक लाल इराणी बेरी. वाळवलेल्या करवंदासारखी आंबट. तुपकट मटणाच्या घासात ती मध्येच दाताखाली आली की तोंड एकदम जागं होतं. दोघींत एकच प्लेट घ्या. पहिल्यांदा आम्ही दोन मागवल्या आणि म्युझियममध्ये बुद्धाच्या मूर्तीसमोर आत्या बाकावर घोरली. पुलावानंतर कॅरमल कस्टर्ड मात्र प्रत्येकीचं स्वतंत्र, त्यात वाटावाटी नाही.

तिथून म्युझियम. नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आत्यासाठी अजून प्रिन्स ऑफ वेल्स. टॅक्सी नको असेल तर आता सीएसएमटीहून भुयारी मेट्रोनं हुतात्मा चौक एकाच स्टेशनवर आहे, पण तिथून पुढे चालायचं आहे. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ ठेवा. पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, तेव्हा जवळचा चष्मा आधीच खिशात काढून घ्या. मी एकदा तो पिशवीत विसरले आणि लघुचित्रांच्या दालनात मला फक्त चौकटी दिसल्या.

आत शिरण्याआधी बागेत पाच मिनिटं उभं राहून घुमट बघा. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदानं तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. पायाभरणी १९०५ची, इमारत १९१४ला तयार झाली, मग पहिल्या महायुद्धात तिचं लष्करी इस्पितळ झालं आणि म्युझियम म्हणून ती लोकांना मिळाली १९२२ साली. आत मधल्या दिवाणखान्यात लाकडी कमानींचं काम आहे ना, ते नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेलं. वाडे कसे संपले हे माहीत असलेल्या माणसाला त्या कमानींखाली जरा थांबावंसं वाटतं.

इथे सगळं बघायचं नाही. तीन वस्तू ठरवून जायचं, त्या सापडल्या की बाहेर. माझ्या तीन सांगते.

पहिली मीरपूरखासची. सिंधमधल्या तिथल्या बौद्ध स्तूपात निघालेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या. त्यात हातात कमळं धरून उभा असलेला एक माणूस आहे, देवबिव नाही, कुणी दाता असावा. चेहरा असा की देणगी दिली आणि पावती मागायला लाजला. माझ्या धंद्यात असे चेहरे भेटत नाहीत, म्हणून मी त्याला दर वर्षी भेटते.

दुसरी लघुचित्रं. दालनात उजेड मंद असतो, तो कागद-रंग टिकावेत म्हणून. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत एक मिनिट नुसतं उभं राहा. मग एकच चित्र निवडा आणि त्याच्यापाशी दहा मिनिटं काढा. आधी माणसं बघा, मग झाडं, मग कोपरे. राजा-राणी सगळेच बघतात. कोपऱ्यात एखादी दासी जांभई देत असते, एखादं माकड फळ पळवत असतं, आणि चित्रकाराची गंमत बहुतेक तिथे असते.

तिसरी वस्तू आत्याची. परळच्या शिवाच्या शिल्पाची प्रतिकृती. १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना मूळ शिल्प सापडलं, सुमारे साडेतीन मीटर उंच. मधे एक शिव उभा, त्याच्या मागून वर दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि बाजूंना फांद्या फुटाव्यात तसे आणखी चार. पायाशी गण वाद्यं वाजवत बसलेले. पहिल्या वर्षी आत्या त्याच्यासमोर आली आणि थबकली. "अगं, हा तर आमचा बारादेवीतला!" तिचं माहेर परळचं, चाळीतलं. मूळ शिल्प तिथेच, बारादेवीच्या देवळात आहे, आणि लहानपणी महाशिवरात्रीला आईचं बोट धरून ती त्याच्या पाया पडली होती. चप्पल काढायला वाकली सुद्धा. मी म्हटलं, "आत्या, ही प्लास्टरची नक्कल आहे." तर मलाच म्हणाली, "तू गप्प बस. फोटोला नमस्कार करतेस तेव्हा?" दोन तास फिरून ज्या गोष्टी मी तिला समजावल्या त्या ती विसरली. ही नाही विसरली.

साडेतीनला बाहेर पडा आणि शेजारी जहांगीरमध्ये जा. १९५२ची गॅलरी, प्रवेश फुकट, प्रदर्शनं सारखी बदलतात. जहांगीरची खरी गंमत अशी की चित्रकार बहुधा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो, कुणीतरी बोलेल या आशेनं. त्याला जाऊन किंमत किंवा 'याचा अर्थ काय' विचारू नका. "हे करायला किती दिवस लागले?" असं विचारा. मग तो उठतो, चित्रापाशी येतो, आणि तुम्हाला रंगाच्या थरांपासून घरच्या भांडणापर्यंत सगळं कळतं. आत्याला इथे एकच दुःख, समोवार. गॅलरीतलं ते लांबट हॉटेल २०१५ला बंद झालं. तिथल्या खिमा पराठ्याबद्दल ती गेलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलते.

पाच वाजता स्टेशनकडे जायचं नाही. पुन्हा सांगते, जायचं नाही. धोबी तलावला कयानीमध्ये जा, १९०४ सालचं. चहा, बन मस्का आणि मावा केक. बन मस्का चहात बुडवावा की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत, मी बुडवते. सातनंतर सीएसएमटीला येऊन ठाणे धीमी लागेपर्यंत थांबा, आलेली गाडी भरली असेल तर सोडून द्या. ती तिथूनच सुटते, पुढचीत जागा मिळतेच.

शुक्रवार गुडघ्याचा. सकाळी हवी तेवढी झोप, मग स्टेशनजवळची मामलेदार मिसळ. तिखटाचे प्रकार विचारले जातात, तेव्हा शौर्य दाखवू नका, मध्यम सांगा. नाटकवेड्यांनी गडकरी रंगायतनला काय लागलंय ते बघावं. आमचा कार्यक्रम जांभळी नाक्याचा. या दिवसांत तिथे ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, वालपापडी येते, मटार स्वस्त होतो. दोन जुड्या घ्यायच्या आणि संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून सोलायच्या. सोलता सोलता निम्मे पोटात जातात, उरलेल्या सोलाण्यांची रात्री आमटी, आलं-मिरची-खोबऱ्याचं वाटण लावून, आणि गरम भात. ठाण्याची थंडी म्हणजे काय, पंखा पाचावरून दोनावर येतो. तेवढीही या आमटीला पुरते.

शनिवारी भायखळा. फास्ट गाडी थांबते, पूर्वेला उतरून राणीबागेपर्यंत थोडं चालणं. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. दारातून आत गेलात की आधी वर बघा: हिरव्या-सोनेरी छताखाली ओतीव लोखंडाचे खांब, जुन्या श्रीमंत घरातलं लग्न असावं तसा थाट. इथे मोठमोठ्या चित्रांची अपेक्षा ठेवू नका. इथे मुंबई छोटी करून ठेवली आहे, मातीची माणसं, नकाशे, जातीजमातींच्या पगड्या-पागोटी. पगड्यांसमोर ज्येष्ठ माणसाला एकटं सोडा आणि तुम्ही बाजूला व्हा, गोष्टी आपोआप सुरू होतात. आत्यानं मला तिथे तिच्या आजोबांचं पागोटं दाखवलं, म्हणजे तसलं. ते धुवायला कुणाकडे जायचं, आणि एकदा मांजर त्यात कसं व्यालं, हेही.

बाहेर दोन गोष्टी चुकवू नका. एक, घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ला इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले आणि तो तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे दिसतात. दुसरी, राणीबागेतला खरा काळा घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन. १९६५ला तो फोर्टातून इथे हलवला. ज्या चौकाला त्याचं नाव आहे तिथे २०१७पासून दुसरा घोडा आहे, स्वाराविना. गुरुवारी तो बघितलेला असतो, म्हणून शनिवारी हा बघायला मजा येते. पेंग्विनच्या रांगेत मात्र उभं राहू नका, लहान मूल बरोबर नसेल तर.

जेवायला दादर. शिवाजी पार्कजवळ आस्वाद, थालीपीठ आणि लोणी, मग पियूष. एक वाजता नाव लिहून बाहेर थांबावं लागतं. आत्या तिथे काठी जरा जास्तच टेकते आणि कुणीतरी खुर्ची आणून देतं. मी याला फसवणूक म्हणते, ती अनुभव म्हणते.

परतीला दादरहून तीनच्या आधीची गाडी धरा आणि फास्टच्या मोहात पडू नका. दादरला फास्ट भरून येते, धीमीत परळ-दादरला उतरणारे असतात. गेल्या वर्षी मी घाईनं फास्टकडे वळले तर आत्यानं पर्सच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. "कुणाचं रिटर्न भरायचंय आता?"