एडिटरचं प्लगिन सांभाळायचं तर त्याच्याकडून काय काय काढून घ्यायचं

मी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरसाठी एक छोटं प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा भाग, सांभाळते. कॉन्फिग फायलींची एक फारशी कोणाला माहीत नसलेली भाषा आहे, तिच्यासाठी. शब्दांना रंग यावेत आणि कंस बंद करायचा राहिला तर खाली लाल नागमोडी रेघ यावी, एवढ्या हौसेपोटी लिहिलं होतं. हळूहळू लोक ते वापरायला लागले, आणि मागच्या वर्षी एका अनोळखी माणसाची मेल आली: काम छान आहे, पण तुम्हाला वेळ मिळत नाही असं दिसतं, पब्लिश करायचे अधिकार दिलेत तर मी सांभाळतो. सोबत तीन पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये घ्यायला सुचवलेले बदल. दोन खरोखर चांगल्या होत्या. तिसरीत रीडमी या माहितीच्या फायलीचं शुद्धलेखन सुधारलं होतं आणि जाता जाता लॉक फाइलही (कोणतं बाहेरचं पॅकेज कुठून आणि कोणत्या आवृत्तीचं घ्यायचं याची नोंद) बदलली होती.

लॉक फाइलमधले बदल गिटहब ही कोड ठेवायची साइट घडी घालूनच दाखवते, त्यामुळे ते सहसा कोणी उघडत नाही. शुद्धलेखनाचा आणि लॉक फाइलचा काय संबंध, म्हणून मी उघडले. एका डिपेन्डन्सीचा (प्लगिनला लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजचा) डाउनलोडचा पत्ता एनपीएम या पॅकेजं आणणाऱ्या साधनाच्या रजिस्ट्रीऐवजी भलत्याच डोमेनचा होता, आणि त्याखालचा हॅशही (फायलीची ओळख पटवणारा आकडा) त्याला जुळेलसा बदललेला. म्हणजे एनपीएमने इमानेइतबारे हॅश ताडून पाहिला असता आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं असतं. मी दोन चांगल्या पुल रिक्वेस्ट घेतल्या, तिसरीबद्दल साधा प्रश्न विचारला. उत्तर आजतागायत नाही.

तेव्हापासून बाहेरच्या माणसाने बदललेली लॉक फाइल मी घेत नाही. डिपेन्डन्सी बदलायची असेल तर माझ्या मशीनवर मी स्वतः बदलते. बिल्ड 'एनपीएम सीआय'नेच होतो, 'एनपीएम इन्स्टॉल'ने नाही, कारण 'सीआय' लॉक फाइलला हात लावत नाही; ती जुळली नाही तर सरळ थांबतं. कुठल्याही पॅकेजची नवी आवृत्ती आली की आठवडाभर वाट बघते. सप्टेंबर 2025 मध्ये चॉक आणि डीबग या एनपीएम पॅकेजांच्या मेंटेनरला (ती सांभाळणाऱ्याला) खोट्या मेलने फसवून बाधित आवृत्त्या चढवल्या गेल्या होत्या. त्या काही तासांतच उतरवल्या गेल्या. थांबणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. अपवाद फक्त सुरक्षेच्या दुरुस्तीचा. ती वाचून, समजून लगेच घ्यायची.

एवढी काळजी कशासाठी, असं वाटेल. रंग भरणारं तर प्लगिन! पण व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शनला, म्हणजे प्लगिनला, सँडबॉक्स (वेगळं कुंपण) नाही. एडिटरला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं: फायली वाचणं, नेटवर जाणं, दुसरे प्रोग्रॅम चालवणं. एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्यासुद्धा त्याच्या हाताशी असतात. त्यामुळे सुरक्षा म्हणून वरून काही चढवण्यापेक्षा, प्लगिनला जे लागत नाही ते त्याच्याकडून काढून घेणं मला जास्त पटतं.

पहिलं काढायचं ते म्हणजे कोड. रंगांना कोड लागत नाही. टेक्स्टमेट पद्धतीचं व्याकरण (कशाला काय रंग द्यायचा याचे नमुने) आणि कंस-कॉमेंटांची माहिती देणारी फाइल, दोन्ही नुसत्या जेसन, म्हणजे माहितीच्या फायली. मॅनिफेस्टमध्ये (प्लगिनच्या माहितीपत्रात) 'मेन', म्हणजे सुरू करायची कोडफाइल, लिहिलेलीच नसेल तर चालवण्यासारखं काही उरत नाही. मी प्लगिनचे दोन भाग केले: रंगांचं वेगळं, लँग्वेज सर्व्हरचं (चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं) वेगळं. ज्यांना फक्त रंग हवेत त्यांनी बाकीचं ओझं का घ्यावं?

दुसरं, सर्व्हरचा पत्ता. सर्व्हरची बायनरी (चालवायची फाइल) कुठे आहे हे सांगणारी सेटिंग बहुतेक भाषा-प्लगिनांत असते, आणि घोटाळा तिथेच होतो. ही सेटिंग प्रोजेक्टच्या फोल्डरमधूनही वाचली जात असेल, तर कोणीही एक रेपो (कोडचा साठा) बनवून त्यात लिहू शकतो की सर्व्हर म्हणून माझी ही फाइल चालव. तुम्ही रेपो क्लोन केला, म्हणजे उतरवून घेतला, एक फाइल उघडली, संपलं. नुसती फाइल उघडून काय होतंय, असं विम हा दुसरा एडिटर वापरणारेही म्हणायचे. 2019 मध्ये मोडलाइनमधली (फायलीतच एडिटरच्या सेटिंग लिहायच्या ओळीतली) चूक सापडली आणि 8.1.1365 च्या आधीच्या विममध्ये तेवढ्यानेच परका कोड चालतो हे दिसलं. म्हणून अशा सेटिंगचा स्कोप 'मशीन' ठेवायचा, म्हणजे ती प्रोजेक्टच्या फोल्डरमधून वाचली जाणार नाही. व्हीएस कोडमध्ये 2021 पासून 'वर्कस्पेस ट्रस्ट' आहे: या फोल्डरवर विश्वास आहे का, असं एक खिडकी विचारते. तिथे अनोळखी फोल्डरसाठी प्लगिनचा आधार 'लिमिटेड' म्हणून जाहीर करायचा, आणि विश्वास मिळेपर्यंत सर्व्हर सुरूच करायचा नाही. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, पण लोक त्या खिडकीत बिनदिक्कत 'हो' दाबतात. त्यामुळे नुसत्या तिच्या भरवशावर राहू नका.

सर्व्हर सुरू करताना, प्रोग्रॅम चालवायच्या दोन पद्धतींपैकी 'एक्झेक' नको, 'स्पॉन' वापरा, आणि आर्ग्युमेंटं यादीने द्या. 'एक्झेक' शेलमधून (हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) जातं. फाइलच्या नावात अर्धविराम आला की त्याच्या पुढचं सगळं शेल वेगळा हुकूम म्हणून चालवतं. विंडोजवर आणखी एक गंमत: शेलला नुसतं नाव दिलं तर प्रोग्रॅम आधी चालू फोल्डरमध्येच शोधला जातो. पूर्ण पत्ता द्यावा. बायनरी डाउनलोड करत असाल तर तिचा एसएचए-256 हॅश प्लगिनमध्येच लिहून ठेवा आणि जुळला नाही तर फाइल टाकून द्या.

आता रेजेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं सूत्र. व्याकरण म्हणजे रेजेक्सचा ढीग, आणि तो प्रत्येक ओळीवर चालतो. माझ्याकडे एक नमुना होता, सोपा करून सांगायचा तर (अ+)+क असा; '+' म्हणजे एक किंवा जास्त वेळा. दिसायला निरुपद्रवी. ओळीत तीस 'अ' आले आणि शेवटी 'क' आलाच नाही, तर इंजिन त्या तीस अक्षरांचे गट पाडायचे सगळे प्रकार करून बघतं: दोनाचा 29 वा घात, म्हणजे 53 कोटींच्या वर. एडिटर गोठला आणि मला तक्रार आली. 2016 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट 34 मिनिटं बंद पडली होती, तीही ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका रेजेक्समुळे. नमुन्यात अधिकच्या चिन्हावर अधिकचं चिन्ह दिसलं की मी ते मोडून लिहिते, आणि टेस्टमध्ये मुद्दाम एक लांबलचक, अर्धवट ओळ ठेवते.

एक चूक मात्र आपल्या लिपीमुळेच सापडली. एका वापरणाऱ्याच्या फायलीत "क्षितिज" असं मूल्य होतं आणि त्याच ओळीत पुढे चूक. लाल रेघ चुकीखाली न येता चौदा घरं उजवीकडे. 'क्षितिज' डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये सात चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. ही चिन्हं साठवायच्या दोन पद्धती आहेत: यूटीएफ-16 मध्ये सात एकक, यूटीएफ-8 मध्ये एकवीस बाइट. माझा सर्व्हर बाइट मोजत होता, तर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायचे नियम) ठरलेलं नसेल तिथे यूटीएफ-16 धरतो. एकवीस वजा सात, चौदा. प्रोटोकॉलच्या 2022 मधल्या 3.17 आवृत्तीपासून मोजणी कशी करायची हे सुरुवातीलाच ठरवता येतं, तरी यूटीएफ-16 यायलाच हवं. रेघ सरकली तर फक्त वाईट दिसतं. त्याच मोजणीने 'दुरुस्त करा' चालवलं की फाइल नासते. टेस्टमध्ये एक देवनागरी ओळ आणि एक इमोजी ठेवाच. इमोजीला यूटीएफ-16 मध्येही सहसा दोन एकक लागतात, तिथे सात म्हणजे सात हे गणितही कोलमडतं.

पब्लिश करण्याआधी पॅकेज बनवणाऱ्या साधनाचा 'व्हीएससीई एलएस' हा हुकूम चालवून पॅकेजमध्ये काय काय जातंय ते डोळ्यांनी बघायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा यादीत माझी ईएनव्ही फाइल (गुपितं ठेवायची) होती, टोकनसकट, म्हणजे पब्लिश करायच्या किल्लीसकट. दोन आवृत्त्यांतून ती आधीच बाहेर गेली होती! टोकन त्याच मिनिटाला रद्द केलं, मगच वगळायच्या फायलींची यादी नीट केली. क्रम हाच. नवं टोकन फक्त मार्केटप्लेसपुरतं आणि तीन महिन्यांत संपणारं. संपलं की चिडचिड होते, होऊ दे. ओपन व्हीएसएक्स या एक्स्टेन्शनांच्या दुसऱ्या भांडारावरही आपलं नाव आपणच घेऊन ठेवा. व्हीएस कोडचे बरेच फोर्क (त्याच्या कोडवरून बनवलेले वेगळे एडिटर) तिथूनच एक्स्टेन्शनं घेतात, आणि रिकाम्या नावावर दुसरा कोणी येऊन बसू शकतो.

आणि खरंच वेळ उरला नाही तर? एक्सझेड या फायली आवळणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत एकाने दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये मागचं दार घातलं. आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं म्हणून ते सापडलं. त्यामुळे मेलवरच्या ओळखीवर अधिकार देऊ नका. प्लगिन 'डेप्रिकेटेड' (आता वापरू नका अशा खुणेचं) करून घ्या, पर्यायाचं नाव लिहा, रेपो आर्काइव्ह करा. ज्याला पुढे न्यायचं असेल तो फोर्क करून स्वतःच्या नावावर काढेल, आणि वापरणाऱ्यांना ते नवीन म्हणून निवडावं लागेल. माझं अजून चालू आहे, पुढचं टोकन संपेपर्यंत तरी.