पाणथळ वनांतील वृक्षविविधता कशी मोजावी

उष्ण कटिबंधातील पाणथळ वने म्हणजे एकाच प्रकारचे जंगल नव्हे. अ‍ॅमेझॉनच्या गढूळ पुरात दरवर्षी बुडणारी ‘व्हार्झिया’ वने, काळ्या, आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांनी दरिद्री पाण्यातली ‘इगापो’ वने, काँगोच्या खोऱ्यातील व बोर्निओमधील पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या जाड थरावरच्या दलदली, सह्याद्रीतील ओढ्यांकाठी उरलेल्या जायफळ कुळातील वृक्षांच्या राया आणि किनाऱ्यावरची खारफुटी ही सगळी या एका नावाखाली येतात. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर झाडांच्या आधी पाण्याबद्दल लिहावे: ते कोठून येते, किती चढते, किती महिने राहते आणि गोडे आहे की खारे. ही माहिती नसेल, तर पुढे काढलेल्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

पुराची उंची ठरवायला उपकरण लागतेच असे नाही. पाणी ओसरल्यावर खोडांवर गाळाचा किंवा रंगबदलाचा पट्टा राहतो. जमिनीपासून त्या पट्ट्यापर्यंतची उंची प्रत्येक नमुना क्षेत्रात दहा-बारा झाडांवर मोजून सरासरी काढावी. मध्य अ‍ॅमेझॉनमध्ये हा पट्टा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर असतो, कारण तेथे पाणी काही भागांत दहा मीटरपर्यंत चढते आणि झाडे सहा-सात महिने पाण्यात उभी राहतात.

नमुना क्षेत्रे आखताना होणारी नेहमीची चूक म्हणजे चालायला सोपी, कोरडी जागा निवडणे. पाणथळ वनातील विविधता एका चौकोनात कमी आणि पाण्याच्या एका पातळीकडून दुसरीकडे जाताना जास्त दिसते. त्यामुळे उंचवट्यापासून सर्वांत खोलगट भागापर्यंत, म्हणजे पाण्याच्या काठाला काटकोनात, रेषा आखावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने २० मीटर × २० मीटरचे चौकोन घ्यावेत. पीटच्या घुमटावर, म्हणजे मध्यभागी फुगलेल्या पीटच्या थरावर, हीच रेषा कडेपासून मध्याकडे न्यावी. बोर्निओतील सारावाकमध्ये अशा प्रवासात एकामागून एक सहा वेगवेगळे वनसमुदाय लागतात आणि मध्याकडे झाडे खुजी व बारीक होत जातात. एकच मोठा चौकोन मध्यभागी आखला असता, तर यातले काहीच हाती लागले नसते. पीटवर चालताना फळ्या टाकाव्यात, नाहीतर मोजणीच्या पहिल्याच दिवशी कोवळी रोपे तुडवली जातात.

चौकोनातील १० सेंटीमीटर किंवा अधिक व्यासाचे, म्हणजे सुमारे ३१.४ सेंटीमीटर घेराचे, प्रत्येक झाड नोंदवावे. घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेतात, पण दलदलीत हा नियम जसाच्या तसा चालत नाही. फीत घेऊन झाडाशी गेल्यावर कळते की ठरलेल्या उंचीवर खोड नाहीच, तेथे कमानीसारखी सुटलेली पाच-सहा आधारमुळे आहेत. अशा वेळी सर्वांत वरचे मूळ खोडातून जेथे फुटते, त्याच्या ५० सेंटीमीटर वर घेर घ्यावा; फळीसारख्या मुळांच्या झाडांनाही फळी संपते तेथून हेच अंतर ठेवावे आणि मोजणीची खरी उंची झाडापुढे लिहून ठेवावी. ती लिहिली नाही, तर पाच वर्षांनी परत येणारा माणूस दुसऱ्याच ठिकाणी फीत लावेल आणि झाड बारीक झाल्याचा शोध लावेल. पुन्हा मोजणी करायची असेल, तर क्रमांकाचा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला मोजणीच्या जागेपासून ३० सेंटीमीटर दूर ठोकावा, कारण खिळ्याभोवती खोड फुगते.

ओळख पटवणे हा सगळ्यात वेळखाऊ भाग असून येथे घाई करू नये. मुळे उपयोगी पडतात, पण तेवढ्यावर विसंबू नये: जायफळाच्या दलदलीत एका वृक्षाची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात, तर त्याच्याच कुळातला शेजारी आधारमुळांवर तोललेला असतो. सालीला लहानशी चीर दिल्यावर दोघांतूनही तांबडा रस येतो; त्याने कूळ कळते, प्रजाती नाही. फांदी, पाने आणि शक्य असल्यास फूल वा फळ असा नमुना वर्तमानपत्रात दाबावा; दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून तो त्याच दिवशी अल्कोहोलने भिजवून पिशवीत बंद करावा आणि नंतर वाळवावा. नाव ठरले नाही, तर ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असे लिहावे, पण अंदाजाने नाव देऊ नये. पुराच्या वनांत अनेक झाडांची फळे पाणी चढलेले असतानाच पिकतात आणि पाण्याबरोबर किंवा माशांच्या पोटातून पसरतात, म्हणून कोरड्या ऋतूत मोजणी आणि पुरात नावेतून दुसरी फेरी, अशा दोन भेटी ठरवाव्यात. संरक्षित क्षेत्रात नमुने घेण्याची परवानगी आधीच काढावी.

आकडेमोडीत केवळ प्रजातींची संख्या देऊ नये. समजा, दोन चौकोनांत प्रत्येकी ५० झाडे आणि ५ प्रजाती आहेत. पहिल्यात प्रत्येकीची १० झाडे आहेत, दुसऱ्यात एकीची ४६ आणि उरलेल्या चौघींचे एकेक. प्रजातींची संख्या आणि त्यांच्यातली झाडांची वाटणी एकत्र मोजणारा शॅनन निर्देशांक पहिल्याचा १.६१ येतो, दुसऱ्याचा ०.३९, म्हणजे दुसरा चौकोन सारख्या वाटणीच्या जेमतेम दीड प्रजातींइतका विविध आहे. एकाच प्रजातीचा असा वरचष्मा दलदलीत वारंवार दिसतो आणि तो मोजणीतला दोष नसतो. दाट व विरळ चौकोनांची तुलना करताना मात्र क्षेत्रफळ न धरता झाडांची संख्या समान करून पाहावी, किंवा नमुन्याच्या आकाराने कमी डगमगणारा फिशरचा अल्फा हा विविधतेचा निर्देशांक वापरावा. वेगवेगळ्या पातळ्यांवरील चौकोनांत किती प्रजाती सामाईक आहेत, यासाठी सोरेन्सनचा निर्देशांक पुरेसा आहे. माझ्या मते अहवालातला सर्वांत बोलका आकडा हाच असतो.

निष्कर्ष लिहिताना तुलना सारख्याशी सारख्याची असावी. साऱ्या जगात खऱ्या खारफुटीच्या प्रजाती सुमारे ७० आहेत, तर अ‍ॅमेझॉनच्या व्हार्झियातून ९००हून अधिक वृक्षप्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे खारफुटीत पाच प्रजाती मिळाल्या म्हणून ते वन निकृष्ट ठरत नाही. व्हार्झियाच्या उंच, थोडेच दिवस बुडणाऱ्या भागात मात्र पाचच मिळाल्या, तर आधी झाडांची पटवलेली ओळख आणि मग तोडीच्या खुणा तपासाव्यात.