सायलेन्सरचा पाइप सडलाय? आधी कुठे कापायचा ते ठरवा, मग जोडा

गाडी चालू केली की खालून फडफड आवाज येतो, ॲक्सिलेटर दिला की अजून वाढतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये (इंजिनपासून मागपर्यंत धूर नेणाऱ्या पाइपमध्ये) कुठेतरी भोक पडलंय नाहीतर जोड सुटलाय. अशा वेळी बरेच जण जिथून आवाज येतो तिथेच पत्र्याचा तुकडा ठिगळासारखा मारून घेतात आणि दोन-तीन महिन्यांत त्याच ठिगळाच्या कडेने परत फुटतं. वेल्डिंग वाईट असतं असं नाही, ज्या पाइपवर ते मारलंय तो पाइपच कागदासारखा झालेला असतो. नाहीतर पाइप ताणून, वाकवून जबरदस्तीने जोडलेला असतो. जोड टिकायचा असेल तर दोन्ही बाजूला चांगलं लोखंड पाहिजे आणि पाइप आपल्या जागी सैल लटकला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

पाइप बाहेरून चिखलाने सडतो तसा आतूनही सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन याच पाइपमधून जातं, सीएनजीत तर एक किलोला सव्वादोन किलो. गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल तर मागचा डबा (म्हणजे सायलेन्सर) नीट तापतच नाही आणि पाणी आतच साचतं. बऱ्याच डब्यांना म्हणूनच खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, ते बघून 'इथे पण लीक आहे' म्हणून वेल्डिंगने बुजवू नका, त्याने डबा अजून लवकर जाईल. कोकणात किनाऱ्याजवळ गाडी असेल तर खारी हवा बाहेरून वेगळं काम करतच असते.

लीक शोधायचं ते गाडी थंड असताना, आणि मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना दगड लावा, जॅकने उचला आणि खाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय आत जाऊ नका, नुसत्या जॅकवर गाडीखाली झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन चालू करून कोणाला तरी जाड ओलं फडकं टेल पाइपवर (मागच्या धुराच्या तोंडावर) चार-पाच सेकंद धरायला सांगा, जिथे लीक आहे तिथून फुस्स आवाज येईल. पाइप अजून गार असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतात. जुन्या लीकच्या आजूबाजूला काळी काजळीही असते. मग इंजिन बंद करा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाइप ठोकत ठोकत पुढे जा, चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा भदभद. खणखणीत आवाज सुरू होतो तिथे खडूने खूण करा, कापायचं ते तिथे, भोकाच्या काठावर नाही.

नट गंजलेले असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तरी नाही सुटले तर ग्राइंडरने कापून नवे टाका, पाना लावून ओढत बसलात तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो आणि तो मॅनिफोल्डचा (इंजिनला लागून धूर गोळा करणाऱ्या भागाचा) असेल तर दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. सायलेन्सरच्या रबरांना साबणाचं पाणी लावलं की ती सहज निघतात, चिरलेली असतील तर नवीनच घ्या. फ्लँज (बोल्टने जोडलेला चपटा जोड) उघडला तर मधलं गॅस्केट, म्हणजे सील करणारी चकतीही नवीनच, जुनं दाबलेलं गॅस्केट परत सील होत नाही. बऱ्याच मारुती गाड्यांत रिंग गॅस्केट आणि स्प्रिंगवाले बोल्ट असतात, तिथे साधे बोल्ट ठोकून करकचून आवळू नका, तो जोड इंजिनबरोबर थोडा हलावा म्हणूनच तसा ठेवलाय.

आता जोड. घरी करायचं असेल तर स्लीव्ह (दोन्ही टोकांवर बसणारा बाहेरचा नळीचा तुकडा) आणि क्लॅम्प सगळ्यात सोपं. पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, छोट्या गाड्यांत तो साधारण दीड-पावणेदोन इंच असतो, आणि स्लीव्हचा आतला व्यास त्याला फिट पाहिजे. दोन्ही बाजूला दीड-दोन इंच पाइप आत गेला पाहिजे. स्लीव्ह न घेता एक पाइप फुगवून त्यात दुसरा घालणार असाल तर इंजिनकडचा पाइप आत, मागचा बाहेर, म्हणजे धूर कडेवर आपटत नाही. कडेचे बरर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) कानशीने घासा, गंज वायर ब्रशने काढा, सायलेन्सरची पेस्ट पातळ लावा आणि सगळी रबरं अडकवून पाइप लटकवा. क्लॅम्प अजून आवळायचे नाहीत. पाइप हाताने हलवून बघा, बॉडीला, ॲक्सलला, ब्रेक पाइपला कुठे लागतोय का, एक बोट तरी जागा सुटली पाहिजे. सगळं सरळ बसलं की मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत या. यू क्लॅम्प पाइप चेपतो, परत उघडताना त्रास देतो, म्हणून पट्टीचा रुंद क्लॅम्प मिळाला तर तोच घ्या. साधी इपॉक्सी पुट्टी या उष्णतेत टिकत नाही, आणि पेस्टवाली पट्टी फक्त घरापर्यंत पोचायला.

वेल्डिंगवाल्याकडे जाणार असाल तर चार गोष्टी स्वतः उभं राहून बघा. बॅटरीचा निगेटिव्ह काढलाय का, ऑक्सिजन सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) कनेक्शन सोडवलंय का, अर्थिंग पाइपलाच जवळ लावलंय का, आणि पेट्रोलची टाकी, वायरिंग शेजारी आहे का, असेल तर पाइप खाली काढूनच वेल्ड करायला सांगा. हा पाइप दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो, मोठ्या रॉडने भोकंच पडतात, त्यामुळे सीओटू (वायर आणि गॅसवालं) वेल्डिंग मिळालं तर उत्तम. आधी चार ठिकाणी टाके मारून पाइप गाडीला लावून बघायचा आणि मगच गोल पूर्ण करायचा. हार्डवेअरमधून नळाचा जीआय पाइप आणून वापरतात तो नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने माणूस तापाने फणफणतो.

फ्लेक्स पाइप (मधला लवचिक जाळीदार तुकडा) फाटला असेल तर तिथे सरळ पाइप टाकून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, इंजिनचे सगळे हिसके मग मॅनिफोल्डवर येतात आणि तेच तडकतं. फ्लेक्सचा तुकडा वेगळा मिळतो, तोच वेल्ड करून घ्या. तसंच कोणी 'कॅटकॉन रिकामा करून देतो, मायलेज वाढेल' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. कॅटकॉन म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्रदूषण वाढतं, चेक इंजिनचा लाइट लागतो आणि त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या महाग धातूंचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. मायलेज खरंच पडलं असेल तर सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला लीक आहे का बघा (हा तोच ऑक्सिजन सेन्सर), तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त सोडत राहतो.

काम झालं की दहा मिनिटं आयडलवर ठेवून पेस्ट सुकू द्या, परत फडक्याची टेस्ट करा. शे-दीडशे किलोमीटर झाले की गाडी थंड असताना सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा, तापून-थंड होऊन ते थोडे सैल होतात. आणि आवाज गेला तरी गाडीत धुराचा वास राहिला असेल किंवा डोकं जड होत असेल तर काचा उघड्या ठेवा, पोरांना त्या गाडीत बसवू नका आणि मॅनिफोल्ड गॅस्केट चेक करून घ्या.