लिनक्सवर सी भाषेतून गटांची माहिती मिळवताना

गटाच्या, म्हणजे परवानग्यांसाठी एकत्र नोंदलेल्या वापरकर्त्यांच्या समूहाच्या, नावावरून त्याचा क्रमांक हवा असेल तर ‘गेटजीआरनॅम’ आणि क्रमांकावरून नाव हवे असेल तर ‘गेटजीआरजीआयडी’ हे फंक्शन वापरावे. ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘ग्रुप’ फाइल स्वतः उघडून तिच्या ओळी तोडत बसू नये, कारण काही यंत्रणांत गट एलडॅप सर्व्हरवरून (वापरकर्त्यांची माहिती एकाच ठिकाणी ठेवून नेटवर्कवरून पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) येतात आणि ते त्या फाइलमध्ये दिसतच नाहीत.

नल पॉइंटर परत आला म्हणजे गट अस्तित्वात नाही, असे लगेच मानू नये. कॉल करण्यापूर्वी ‘एररनो’ (शेवटच्या त्रुटीचा क्रमांक ज्यात राहतो तो व्हेरिएबल) शून्य करावा. कॉलनंतरही तो शून्यच राहिला, तर गट सापडलेला नाही असे समजावे. मिळालेली माहिती पुढच्या कॉलमध्ये पुसली जाऊ शकते, म्हणून हवे ते आधी उतरवून घ्यावे. अनेक थ्रेड असल्यास नावाच्या शेवटी ‘अंडरस्कोर आर’ असलेली आवृत्ती वापरावी आणि ‘ईरेंज’ ही बफर अपुरा पडल्याची त्रुटी आल्यास बफर वाढवून पुन्हा कॉल करावा.

खरी फसगत होते ती सदस्यांच्या यादीत. एखाद्या वापरकर्त्याचा प्राथमिक गट 1000 असला, तरी तो क्रमांक वापरकर्त्यांच्या नोंदी असलेल्या ‘पासडब्ल्यूडी’ फाइलमधील त्याच्या ओळीत नोंदलेला असतो आणि 1000 क्रमांकाच्या गटाची सदस्ययादी बहुधा रिकामीच दिसते. त्यामुळे केवळ ती यादी चाळून परवानगी नाकारणारा प्रोग्रॅम हक्काच्या माणसालाच दाराबाहेर ठेवतो. वापरकर्त्याचे सर्व गट हवे असतील, तर त्याचे नाव आणि प्राथमिक गटाचा क्रमांक देऊन ‘गेटग्रुपलिस्ट’ला कॉल करावा, त्याने उणे 1 परत दिल्यास ॲरे लहान पडला असे समजून, त्यानेच कळवलेल्या संख्येइतकी जागा घेऊन पुन्हा कॉल करावा.