धक्क्याला बांधलेल्या युद्धनौकांचा डायोरामा: या चुका टाळा

ओझरच्या विमान कारखान्यामुळे नाशिकमध्ये बऱ्याच जणांचा हात आधी विमानांच्या मॉडेलांवर बसतो. मग १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या) मापाच्या सवयी घेऊनच ते १:७०० च्या जहाजांकडे वळतात आणि तिथे डायोरामा, म्हणजे मॉडेलांनी मांडलेलं छोटं दृश्य, बिघडतो. जहाज निवांत उभं आहे, हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणून किटचा खोका उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: साल कोणतं, बंदर कोणतं, आणि भरती की ओहोटी.

फळी लहान, जहाजं जास्त

१:७०० मध्ये जुनी विक्रांत (सुमारे २१३ मीटर) साडेतीस सेंटिमीटर होते आणि क्रूझर म्हैसूर २४ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचे आकार कापून फळीवर मांडून बघा. दोन जहाजं पुरतात, चार कोंबली की बंदर दुकानातल्या शेल्फसारखं दिसतं. धक्का फळीच्या कडेला समांतर नको, थोडा तिरका घ्या. जहाजं धक्क्याऐवजी नांगरावर दाखवायची असतील, तर सगळ्यांची तोंडं साधारण एकाच दिशेला हवीत, कारण प्रवाह आणि वारा त्यांना तसंच फिरवतो.

पाणी

सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. फूटभर उंचीची लाट १:७०० ला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. म्हणजे बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच खडबडीतपणा पुरे. वारा असताना गंगापूर धरणाचं पाणी उंचावरून बघा, लाटांची वीण कशी असते ते कळेल. रंग मात्र तिथला घेऊ नका. मुंबई बंदराचं पाणी गढूळ, हिरवट-मातकट असतं, निळंशार नाही. आणि बांधलेल्या जहाजाच्या पुढे पांढरा फेस कधीच नको.

गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही, त्यामुळे महागडं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव्य) लागतच नाही. शिवाय ते जहाजाच्या बाजूंवर चढतं आणि तिथे चमकदार कड उरते. त्यापेक्षा टिश्यू पेपरचा एकच पदर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा, रंगवा आणि वर ग्लॉस वार्निशचे पातळ हात द्या.

फळी वाकली? ओल एकाच बाजूने लागली. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना वार्निश मारून घ्या. पाण्यावर दुधाळ झाक आली? खालचा फेव्हिकॉल सुकला नव्हता. श्रावणातल्या झडीत रात्रभर ठेवूनही तो आतून ओला राहतो. पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत पंख्याखाली ठेवा, घाई करू नका.

जहाजाखाली फट दिसत असेल, तर काचेवर पॉलिश पेपर पसरून बूड सपाट घासा. उरलेली फट ॲक्रिलिक जेलने भरा.

दोर

शिवणाचा दोरा वापरू नका. पाव मिलिमीटरचा दोरा या मापात साडेसतरा सेंटिमीटर जाडीचा होतो! किटची प्लॅस्टिकची चौकट मेणबत्तीवर गरम करून ताणली की केसासारखी तार मिळते. पुढचे आणि मागचे दोर सगळे लावतात, पण जहाजाच्या बाजूने तिरके जाणारे स्प्रिंग दोर विसरतात. जहाज पुढेमागे सरकू नये म्हणून तेच असतात. दोरांना किंचित झोळ द्या. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. या मापात ते साडेपाच-सहा मिलिमीटर होतं, म्हणून धक्क्यावरून जहाजावर जायच्या शिडीचा उतार आणि धक्क्याच्या भिंतीवरचा ओला पट्टा तुम्ही ठरवलेल्या भरती-ओहोटीशी जुळला पाहिजे.

गंज आणि झेंडे

गंज आवरा. बंदरात उभ्या युद्धनौकेची रंगरंगोटी सतत चालू असते. नांगराच्या भोकाखाली एखादा फिकट ओघळ पुरे.

बांधलेल्या जहाजाचा नौदल ध्वज मागच्या टोकाच्या काठीवर असतो आणि पुढच्या टोकाला जॅक नावाचा झेंडा फडकतो. जहाज निघालं की जॅक उतरतो. आता तुम्ही लिहिलेलं साल बघा. सध्याचा, निळ्या अष्टकोनी मुद्रेचा ध्वज २ सप्टेंबर २०२२ ला आला. १९६५ च्या विक्रांतवर सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसचा आणि कोपऱ्यात तिरंगा असलेलाच ध्वज हवा.